गवती चहाच्या पातीतील सिट्रल

पावसाळी सकाळी दादरच्या भाजीबाजारात आल्याच्या ढिगाशेजारी गवती चहाच्या जुड्या मांडलेल्या असतात, आणि एखादी पात चुरगळताच ओल्या हवेत लिंबासारखा वास पसरतो. मात्र या पातीचे ना लिंबाशी नाते आहे, ना चहाच्या झुडपाशी. ऊस, भात आणि ज्वारी ज्या कुळातील, त्याच गवतकुळातील ही वनस्पती असून तिच्यात कॅफीन नसते.

हा वास सिट्रल या संयुगाचा आहे. जेरानिअल आणि नेरल या दोन जुळ्या रूपांचे ते मिश्रण असून गवती चहाच्या सुगंधी तेलात त्याचे प्रमाण साधारणपणे ६५ ते ८५ टक्के असते. ताज्या पातीत मात्र हे तेल वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी असते आणि तेही पेशींच्या आत, त्यामुळे अख्खी पात टाकण्यापेक्षा ती कातरून किंवा ठेचून टाकलेली बरी. शिवाय हे तेल वाफेबरोबर उडते. कारखान्यात ऊर्ध्वपातनाने ते वेगळे काढता येते ते याच गुणामुळे, आणि घरी चहा उघड्या पातेल्यात बराच वेळ उकळल्यास स्वयंपाकघर दरवळते पण कपातला चहा फिका लागतो, तोही याच गुणामुळे.

या गवताच्या भावकीने मुंबई बंदर फार पूर्वीच पाहिले आहे. रोशा गवताचे तेल एकोणिसाव्या शतकात येथून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात, स्पष्टच सांगायचे तर, भेसळीसाठी वापरले जाई. त्या तेलातील मुख्य घटक जेरानिओल. त्यातून हायड्रोजनचे दोन अणू निघाले की जेरानिअल तयार होते, आणि गवती चहाची पात नेमके हेच करते. पुढे १८९३ मध्ये टीमान आणि क्रूगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी सिट्रलपासून आयोनोन हे व्हायोलेट फुलांच्या वासाचे द्रव्य बनवले. कृत्रिम अ जीवनसत्त्वाच्या निर्मितीतही आयोनोन उपयोगी पडले.

प्रयोगशाळेतील बशीत सिट्रल अनेक बुरशींची आणि जिवाणूंची वाढ रोखते. परंतु कपभर चहात त्याचा अंश फारच थोडा उतरत असल्याने, गवती चहाने सर्दी बरी होते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. घसा शेकला जातो आणि बरे वाटते, एवढे मात्र खरे. शुद्ध तेल थेट त्वचेवर लावल्यास आग होऊ शकते किंवा पुरळ उठू शकते. डास पळवण्यासाठी प्रसिद्ध असलेले सिट्रोनेला तेलही या गवताचे नव्हे, त्याच्या एका भाऊबंदाचे आहे.