संयमाच्या पोटातले घोडे

नमस्कार श्रोतेहो.

'नागरिकांनी संयम राखावा' हे वाक्य आपण बातम्यांत कितीदा तरी ऐकतो. आणि पुढे काही बिनसलं की मथळा येतो, 'संयमाचा बांध फुटला'. या बांधापाशी मी दर वेळी अडखळतो. बांध म्हटला की अडवलेलं पाणी आलं, ते आज ना उद्या फुटणार हेही आलं. संयम या शब्दाच्या पोटात मात्र पाणी नाही. तिथं घोडे आहेत.

शब्द जरा उलगडून पाहू. 'सम्' हा उपसर्ग आणि 'यम्' हा धातू. यम् म्हणजे धरणं, आवरणं. रथ हाकणाऱ्याला संस्कृतात 'यन्ता' म्हणतात, तो याच धातूवरून. नियम, यंत्र, नियंत्रण ही त्याच घरातली भावंडं. आयाम आणि व्यायामही तिथलेच, आणि त्या दोघांत तर ताणण्याचा, पसरण्याचा अर्थ आहे. नुसतं थांबवणं एवढंच या धातूचं काम नव्हे.

कठोपनिषदात हा रथ पुरता उभा केला आहे. शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन हा लगाम आणि इंद्रियं हे घोडे. ज्याचं मन ताब्यात नाही, त्याची इंद्रियं सारथ्याच्या द्वाड घोड्यांसारखी. ज्याचं आहे, त्याची चांगल्या घोड्यांसारखी. घोडे सोडून द्या, तबेल्यात बांधून ठेवा, असं तिथं कुठंही म्हटलेलं नाही. रथाला जायचं आहेच.

माझे आजोबा बैलगाडी हाकायचे. लहानपणी कासरा माझ्या हातात आला की मी तो जिवाच्या आकांतानं ओढून धरायचो. बैल थबकायचे, मान वाकडी करायचे. आजोबा म्हणायचे, "अरे, त्यांना चालू तर दे. हातात आहे एवढं त्यांना कळू दे, बास." पुढं संस्कृत शिकताना यम् धातू समोर आला, तेव्हा मला तो कासरा आठवला.

पतंजलींच्या योगसूत्रांत हा शब्द आणखी वेगळ्या वाटेनं जातो. 'त्रयमेकत्र संयमः', धारणा, ध्यान आणि समाधी ही तिन्ही एकाच विषयावर एकवटली की तो संयम. इथं मागं ओढणं जवळजवळ उरतच नाही. सगळं लक्ष एका जागी नेणं उरतं. मला हा अर्थ फार मोलाचा वाटतो, कारण आपण रोजच्या बोलण्यात संयमाचं 'मन मारणं' करून टाकलं आहे. उपाशी माणसासमोर ताट नसेल, तर त्याचं न खाणं हा संयम नव्हे. ताट समोर हवं आणि हात आपला आपण थांबवलेला हवा.

आपल्याकडे 'जरा दम धर' म्हणतात. हा दम फारसीतून आला, तिकडे त्याचा अर्थ श्वास. संस्कृतातला दम निराळा, तो दमनातला. दोन्ही आपल्या भाषेत शेजारी राहतात, पण घाई करणाऱ्या पोराला आई म्हणते तो श्वासाचा दम. आणि श्वासासाठी संस्कृतानं घडवलेल्या प्राणायाम या शब्दातही पुन्हा तोच यम् आहे.

शेवटी एक शिलालेख सांगतो. सम्राट अशोकाचा बारावा शिलालेख, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातला. आपल्याच पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा अवेळी करू नये, याचं मूळ वाणी आवरण्यात आहे, असं त्यात सांगितलं आहे. गिरनारच्या खडकावर पुढं कोरलं आहे, 'समवायो एव साधु', एकोपाच चांगला. तोच लेख आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढीला खरोष्ठी लिपीत आहे, आणि तिथं नेमक्या त्या जागी एकोप्याऐवजी शब्द आहे 'सयमो'. संयम.

नमस्कार.