हवा पोचेल तेवढाच जाळ

(अंबाजोगाई येथे विज्ञानाचे विद्यार्थी आणि नागरिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, टेबलावरचा हा कंदील पेटवलेला आहे. आता मी वात हळूहळू वर सारतो. ज्योत आधी रुंद झाली, मग उंच झाली. आता तिचा शेंडा तांबूस पडला आणि त्यातून काळी रेघ निघाली. काचेच्या गळ्याला काजळी धरायला लागली बघा. रॉकेल जास्त दिलं तर उजेड वाढायला हवा होता, वाढला मात्र धूर. घरातल्या आजीला विचारलं तर ती म्हणेल, ‘वात कमी कर.’ तिचं बरोबरच आहे. पण वात वाढवल्यावर हे असं का होतं, त्याचा हिशेब मांडायला माणसाला 1928 साल उजाडावं लागलं.

गॅसच्या शेगडीत गॅस आणि हवा बर्नरच्या आतच बऱ्यापैकी मिसळून येतात, म्हणून तिथली ज्योत निळी आणि आखूड. कंदील, समई, चूल, पेटलेली कडब्याची गंजी इथं तसं नसतं. इंधनाची वाफ आतून येते, ऑक्सिजन बाहेरून येतो, आणि दोघं योग्य प्रमाणात जिथं भेटतात त्या पातळ पडद्यातच ज्वलन होतं. हिला विसरण ज्योत म्हणतात, वर्गात आपण डिफ्यूजन फ्लेम म्हणतो ती. पडद्याच्या आत ऑक्सिजन जवळजवळ नाही, बाहेर इंधन नाही. खोटं वाटत असेल तर तारेची बारीक जाळी मेणबत्तीच्या ज्योतीत आडवी धरा. जाळीवर लाल कडं उमटतं आणि मधला भाग काळाच राहतो. ज्योत आतून पोकळ असते. मायकेल फॅरेडेनं 1860-61 च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढं मेणबत्तीवर व्याख्यानं दिली. ज्योतीच्या पोटात काचेची नळी घालून आतली न जळालेली वाफ त्यानं बाहेर काढली आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला पेटवून दाखवली.

आता 1928. बर्क आणि शुमान या दोघांनी एक धाडसी गोष्ट गृहीत धरली. रासायनिक क्रिया इतकी झटपट होते की तिला वेळ लागतच नाही, असं समजायचं. सगळा वेळ जातो तो इंधन आणि हवा एकमेकांपर्यंत पोचण्यात. ज्वलनाचं रसायन म्हणजे शेकडो क्रियांचं जंजाळ. ते त्यांनी सरळ बाजूला ठेवलं, आणि तरीही ज्योतीच्या उंचीचं उत्तर प्रयोगाशी जुळलं.

हे गणित तुम्हीही करू शकता. नळीतून गॅस वर चाललाय. हवेला कडेपासून मध्यापर्यंत झिरपायला लागणारा वेळ नळीच्या त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असतो. नळी दुप्पट रुंद केली तर हा वेळ चौपट होतो. पण तेवढाच गॅस दुप्पट रुंद नळीतून सोडला तर त्याचा वेगही चौथ्या हिश्श्यावर येतो. वेळ चौपट, वेग पाव, म्हणजे ज्योतीची उंची तीच. उंची ठरते ती गॅस किती सोडला त्यावर, नळीच्या रुंदीवर नाही. मला स्वतःला हा निकाल फार देखणा वाटतो. गंमत म्हणजे गरम वायू वर जाताना वेग घेतो, हे त्यांनी धरलंच नव्हतं. तरी उत्तर बरोबर कसं आलं? वेग वाढला की ज्योत बारीकही होते, हवेला कमी अंतर कापावं लागतं, आणि दोन्ही परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात. 1977 मध्ये रोपर यानं हे नीट मांडून दाखवलं.

पण गॅसचा वेग वाढवत नेला की ज्योत थरथरते, फाटते, खळखळते. 1949 मध्ये हॉटेल आणि हॉथॉर्न यांनी यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. (हॉटेल हे आडनाव आहे, हसू नका.) ज्योत पुरती खळखळू लागली की वेग कितीही वाढवा, तिची लांबी वाढत नाही, कारण इंधन जितकं जोरात येतं तितकीच भोवऱ्यांमुळं हवाही जोरात आत ओढली जाते. तिथं लांबी ठरते तोटीच्या व्यासावर. संथ ज्योतीच्या नेमकं उलट.

काजळीकडे वळू. ज्योतीच्या आत उष्णता भरपूर आणि ऑक्सिजन नाही, अशा ठिकाणी रॉकेलचे रेणू तुटतात, त्यांची कडी जुळतात आणि कार्बनचे सूक्ष्म कण तयार होतात. कंदिलाचा पिवळा उजेड म्हणजे हेच तापलेले कण. म्हणजे काजळी ही कंदिलातली बिघाडाची गोष्ट नाही, उजेड तिचाच आहे. मात्र ते कण वर जाता जाता ज्योतीच्या पडद्यात जळून संपले पाहिजेत. वात वाढवली की ज्योत लांबते, कण जास्त होतात, ते उष्णता बाहेर फेकतात आणि शेंडा थंड पडतो. तापमान साधारण हजार अंश सेल्सियसच्या खाली आलं की कण जळायचे थांबतात आणि धूर होऊन निसटतात. विमानाच्या इंधनाची परीक्षा आजही अशीच होते. ठरावीक वातीच्या दिव्यात ते जाळायचं आणि धूर न करता ज्योत किती मिलिमीटर उंच जाते ते मोजायचं.

आपल्या ट्रॅक्टरचंही तेच. पलटी नांगर काळ्या रानात खोल गेला की इंजिनावर लोड येतो, डिझेल जास्त फवारलं जातं, हवा तेवढीच राहते. धुराड्यातून काळा लोट निघतो. आपण म्हणतो गाडी जोर लावतेय. खरं तर ती अर्धपोटी आहे.

आणि गुऱ्हाळाचं चुलवाण घ्या. काहिलीला उकळी यायला उशीर झाला की तोंडातून चिपाडं कोंबली जातात. चिपाडातून ज्वलनशील वायू सुटतो, त्याला वरच्या बाजूला हवा लागते. खालची झडप उघडून नुसता निखारा फुलवला तर वायू आणखी सुटतो आणि बिनजळता धुराड्यातून जातो. पुष्कळ सुधारित चुलींचं मर्म एवढंच आहे की वरची हवा कुठून आणि किती द्यायची.

गुरुत्वाकर्षण काढून घेतलं तर? 1992 मध्ये अमेरिकेच्या स्पेस शटलमध्ये आणि 1996 मध्ये रशियाच्या मीर स्थानकावर मेणबत्त्या पेटवल्या गेल्या. गरम हवा वर जात नाही, म्हणून ज्योतीला शेंडाच नाही. लहानशी, गोलसर, निळी आणि मंद ज्योत. पुढं आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर हेप्टेन या द्रव इंधनाच्या थेंबांवर प्रयोग झाले. ज्योत विझलेली दिसत होती, तरी थेंब आटतच होता. डोळ्यांना न दिसणारी, बऱ्याच कमी तापमानाची ‘थंड ज्योत’ तिथं चालू होती. 2012 मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा या क्षेत्रातले लोकही चकित झाले.

*(यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यांपैकी दोन.)*

“सर, फुंकणीनं फुंकलं की जाळ भडकतो अन् दिव्याला फुंकर मारली की इझतो. हवा तर दोन्हीकडं तीच. मग ह्ये कसं?”

मामा, बर्क आणि शुमानचं गृहीतक जिथं मोडतं, नेमकं तिथं तुम्ही बोट ठेवलंत. क्रियेला वेळ लागत नाही असं ते म्हणाले, पण थोडा लागतोच. फुंकर मारली की वायू त्या पातळ पडद्यातून इतक्या वेगानं जातो की क्रिया पुरी व्हायला सवड मिळत नाही. तापमान थोडं उतरतं, क्रिया मंदावते, म्हणून तापमान आणखी उतरतं, आणि ज्योत एकदम जाते. हळूहळू नाही, एकदम. जपानमध्ये त्सुजी आणि यामाओका यांनी 1960 च्या दशकात इंधन आणि हवा समोरासमोर आदळणाऱ्या ज्योती तयार करून ही सीमा मोजली. 1974 मध्ये स्पेनच्या लिन्यान यांनी तिचं गणित बसवलं. चुलीत मात्र निखाऱ्यांचा ढीग आहे, मातीच्या तापलेल्या भिंती आहेत. फुंकणीच्या हवेनं तिथली उष्णता सहज संपत नाही, उलट निखाऱ्याला ऑक्सिजन भराभर मिळतो. त्यातलाच एक बारका निखारा बाहेर काढून जोरात फुंका, तोही विझेल.

“जिनिंगला कापसाची गाठ आतून धुमसत असती. वरून काहीच दिसत नाही.”

गच्च दाबलेल्या गाठीत हवा फार थोडी शिरते, म्हणून ज्योत धरत नाही, नुसतं धुमसतं, आणि ते दिवसचे दिवस चालू शकतं. अशी गाठ शेडमध्ये फोडलीत तर आत साठलेल्या उष्णतेला एकदम हवा मिळते आणि भडका उडतो. म्हणून आधी ती उघड्यावर, बाकीच्या मालापासून लांब न्यायची, पाणी हाताशी ठेवायचं, आणि मगच पट्ट्या तोडायच्या.