आवाज धाकटीचा

(दृश्य : पुण्यातली सकाळ. पीएमपीच्या बसची खिडकी. कानामागचं श्रवणयंत्र, अगदी जवळून.)

तुम्ही ऐकताय तो आवाज माझा नाही. लिहिलंय मी, वाचतेय माझी धाकटी बहीण. मधेच ती पदरची वाक्यं घुसडत असेल तर मला कळायचं नाही, म्हणून खाली अक्षरंही दिली आहेत. दोन्हींत फरक आढळला तर अक्षरांवर विश्वास ठेवा.

मी तीन वर्षांची असताना कुकरची शिट्टी झाली. मांजर दचकून पळालं, मी खेळतच राहिले. आईला तिथेच शंका आली. मग साताऱ्याहून मुंबई, वांद्र्याची अली यावर जंग संस्था, कानाची तपासणी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांची श्रवणहानी ७० डेसिबल असली की माणूस कर्णबधिर. तपासणीच्या आलेखात रेघ जितकी खाली तितकी हानी जास्त, आणि माझी रेघ ९० च्याही खाली उतरते. यंत्र लावलं की आवाज येतो, शब्द येत नाही. पंखा, खुर्चीची फरफट, कुणाचं खोकणं, सगळं एकाच मापानं मोठं.

बोलता मात्र येतं मला. उच्चार जरा वेगळे आहेत. रिक्षावाले विचारतात, मॅडम साउथच्या का? मी हो म्हणते. वेळ वाचतो.

(दृश्य : ऑफिसची काचेची इमारत. लिफ्टचे आकडे. अर्धगोलात नऊ खुर्च्या.)

बीकॉम झाल्यावरची पहिली जीडी. जीडी म्हणजे ग्रुप डिस्कशन, गटचर्चा. नऊ उमेदवार, जागा दोन, वेळ बारा मिनिटं. अर्जात मी 'कर्णबधिर' लिहिलं होतं. तो रकाना कुणी वाचला असावा असं वाटत नाही, कारण चर्चा घेणाऱ्या सरांनी विषय सांगितला तो दार लावता लावता. पाठ माझ्याकडे.

म्हणजे बारा मिनिटं चर्चा करायची आणि विषयच माहीत नाही. शेजारच्या मुलीनं वहीत काहीतरी खरडलं होतं. मान तिरकी करून वाचलं : घरून काम. हुश्श.

आता ओठ वाचायचे. सिनेमात कर्णबधिर माणूस दुर्बिणीतून ओठ वाचून गुन्हेगार पकडतो. घरी आरसा असेल तर एक करून बघा. आवाज न काढता तीन शब्द म्हणा.

(दृश्य : एका मुलीचे ओठ. आवाज बंद. तीन शब्द.)

पान. मान. भान. काही फरक दिसला? प, ब, भ, म, चौघांनाही ओठ मिटावेच लागतात, आणि मिटलेले ओठ सगळे सारखेच. क, ख, ग, घ तर घशात मागे होतात, ओठांवर येतच नाहीत. म्हणजे थोडं वाचायचं, बाकीचं संदर्भानं भरायचं. शब्दकोडं सोडवल्यासारखं, फक्त रकाने पळत असतात. समोरच्याला झुपकेदार मिशी असली तर देवच आठवतो.

आणि भाषा कुठली? पुण्यातली जीडी सुरू होते इंग्रजीत. तिसऱ्या मिनिटाला तापली की हिंदीत शिरते, एखादा चिडला की मराठीत. तुम्हाला ते आपोआप कळतं. मी इंग्रजी शब्द शोधत बसते आणि पोरगा केव्हाच 'अरे पण ऐक ना'वर गेलेला असतो.

खरी गोची मात्र वेगळीच आहे. बोलणारा कोण, हे तुम्हाला कान सांगतो आणि मग मान वळते. मला आधी मान वळवून शोधावं लागतं. डावीकडून तिसरा बोलतोय हे सापडेपर्यंत उजवीकडची दुसरी सुरू झालेली. मी टेनिसचा सामना बघत होते, चेंडू नसलेला. आणि बोलायचं कधी? कुणाचा तरी श्वास संपतो, स्वर खाली येतो, त्या फटीत तुम्ही घुसता. ती फट आवाजात असते. मला ती दिसत नाही.

आठव्या मिनिटाला मी हिय्या केला. प्रवासाचा वेळ वाचतो, हा मुद्दा मांडला. चांगला मांडला. सगळे माझ्याकडे बघत राहिले. शेजारची हळूच वहीत लिहून दाखवते, 'हे झालं मघाशी.'

निघताना सरांच्या टेबलावरचा गुणांचा कागद दिसला. त्यात एक रकाना होता : लिसनिंग स्किल्स. दहापैकी.

(दृश्य : बसस्टॉप. संध्याकाळ. काही क्षण नुसती शांतता.)

धाकटी, इथे थांब. उगाच सुस्कारा नको टाकूस.

कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा, त्यांतला १ टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांचा. खासगी कंपनीवर या टक्क्याचं बंधन नाही. पण समान संधीचं धोरण जाहीर करणं तिलाही भाग आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कर्णबधिर ॲडव्होकेट सारा सनी यांनी सौरव रायचौधरी या खुणांच्या भाषेच्या दुभाष्यांच्या मदतीनं ऑनलाइन सुनावणीत भाग घेतला. ती बातमी मी तीनदा वाचली. देशातल्या सगळ्यांत मोठ्या कोर्टात हात चालतात, तर हिंजवडीत का नाही?

पुढच्या जीडीला आधीच ईमेल केला. विषय लिहून द्या. ज्याला बोलायचंय त्यानं हात वर करावा. माझ्यासोबत दुभाषी मैत्रीण येईल, तिला माझ्यासमोर बसू द्या, खिडकीला पाठ करून नको, चेहरा काळा पडतो. उत्तर आलं, हात वर करायचा नियम सगळ्यांनाच लावू.

(दृश्य : दुभाषीचे हात. मागे धूसर चेहरे.)

विषय फळ्यावर लिहिला होता : ग्राहकसेवा, माणूस की चॅटबॉट? बहुतेकांचं मत एकच. माणूस हवा, माणसाच्या आवाजात आपुलकी असते. मैत्रिणीचे हात हे सगळं दोन-तीन सेकंद उशिरानं माझ्यापर्यंत आणत होते. हरकत नव्हती, कारण मी हात वर केला की रांगेत माझा नंबर होता.

मी म्हणाले, माझं एटीएम कार्ड हरवलं तेव्हा ब्लॉक करायला फक्त फोन नंबर होता. मी चॅट शोधत होते. पलीकडे यंत्र असतं तरी चाललं असतं, लिहिता येणारं हवं होतं. शेवटी बहिणीनं फोन केला, तर म्हणाले, खातेदाराशीच बोलू.

आठ जणांचे ओठ एकदम थांबले. ते मात्र मला स्पष्ट दिसलं.

(दृश्य : घर. ओट्यावर मोबाइल. स्क्रीन उजळते.)

अर्जावर ठळक लिहिलं होतं, 'फोन नको, मेसेज करा.' चार दिवसांनी फोनच आला. धाकटीनं उचलला. माझ्याकडे बघत, एका हातानं खुणा करत मला सांगू लागली : निवड झालीय, पण पगाराचं उमेदवाराशीच बोलणार म्हणतात.

आम्ही एकमेकींकडे बघितलं.

'बोलतेय,' ती म्हणाली.

मग तिच्या भुवया वर गेल्या : किती सांगू? मी बोटांनी दाखवलं, दोन आणि पाच. पंचवीस हजार.

मी तिच्या ओठांकडे बघत होते. 'पंचवीस' म्हणायला ओठ आधी मिटावे लागतात. तिचे मिटलेच नाहीत. तोंड सरळ 'अ'नं उघडलं.

अठ्ठावीस.