डबा सोडा! : दांडिया बाजारातलं कृष्णविवर

(दृश्य : फिरणारी मोटर, अगदी जवळून)

ही भंगारात निघालेल्या गाडीच्या वायपरची मोटर. १२ व्होल्टवर चालते, सावकाश फिरते आणि तासन्‌तास दमत नाही. बडोद्यातल्या गणपतीच्या चलदेखाव्यांत अशाच मोटरींच्या जोरावर हनुमानाने द्रोणागिरी उचललाय, कृष्ण कालियावर नाचलाय. यंदा दांडिया बाजारातल्या या मंडळात ती एका अंतराळयानाच्या कॅप्टनची मान फिरवणार आहे.

गोष्ट पोरांनी स्वतः रचली. ‘सयाजी’ नावाचं मालवाहू यान खनिज भरून परत निघालंय. वाटेत एक कृष्णविवर, म्हणजे ज्याच्या ओढीतून प्रकाशही सुटत नाही असं, तेही स्वतःभोवती गरगर फिरणारं. इंधन संपत आलेलं. कॅप्टन ही पन्नाशीची बाई आहे. केस पांढरे, अंबाडा घातलेला. सांगाडा कपड्यांच्या दुकानातल्या पुतळ्याचा, पोशाख चंदेरी रेनकोटचा.

“काकी, हात अजून पुढे यायला हवा. लिव्हर धरायचाय तिला.”

“अरे, आधी खांद्याची शिवण उसवू दे. नाहीतर पहिल्याच दिवशी फाटेल, मग कॅप्टन बसेल सुई-दोरा घेऊन.”

(दृश्य : काळं मखमल, प्लायवूडची चकती, एलईडीच्या पट्ट्या)

आता विवर. नुसता काळा रंग दिला तर तो दिव्याखाली चमकतो, हे पोरांना लगेच कळलं. म्हणून खोलगट परातीला आतून काळं मखमल चिकटवलं. त्यावर पडलेला प्रकाश फारसा परत येत नाही. भोवती प्लायवूडची चकती, तिच्यावर नारिंगी दिव्यांच्या पट्ट्या, वरून दुधी ॲक्रिलिक. पण नीट बघा : खालच्या बाजूला पट्ट्या दाट आहेत, वर विरळ. हे चुकून झालेलं नाही. १० एप्रिल २०१९ रोजी कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र जगासमोर आलं, एम ८७ या दीर्घिकेतलं, म्हणजे ताऱ्यांच्या एका प्रचंड समूहातलं. साडेसहा अब्ज सूर्यांच्या वस्तुमानाचं, साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर. त्यातलं कडं खाली जास्त उजळ आहे, कारण तिथला तप्त वायू आपल्या दिशेने धावतोय. वायरिंग करणाऱ्या दादाने ते छायाचित्र मोबाईलवर मोठं करून भिंतीला टेकवलं होतं आणि एकेक पट्टी त्याबरहुकूम डकवली. रस्त्यावरून बघणाऱ्या किती जणांना हे कळणार? तरी त्याने केलं. आम्हाला हा देखावा चित्रित करावासा वाटला तो यासाठीच.

वरच्या दोन घड्याळांकडेही लक्ष असू द्या. डावं पृथ्वीचं, उजवं यानाचं. पृथ्वीचा काटा पूर्ण फेरी मारतो, तेवढ्यात यानाचा जेमतेम पाव फेरी सरकतो. विवराजवळ काळ मंदावतो. इथे तो दातेरी चाकांनी मंदावलाय.

(दृश्य : यानाचा मागचा डबा, विद्युतचुंबक)

आणि हा प्रसंगाचा गाभा. फिरत्या विवराभोवती एक पट्टा असतो, तिथे अवकाशच विवरासोबत ओढलं जातं. स्थिर उभं राहणं अशक्य, पण निसटणं अजून शक्य. ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉजर पेनरोज यांनी १९६९ साली दाखवलं की या पट्ट्यात एखाद्या वस्तूचे दोन तुकडे झाले आणि एक योग्य रीतीने विवरात पडला, तर दुसरा आला होता त्याहून जास्त ऊर्जा घेऊन बाहेर पडू शकतो. ती ऊर्जा विवराच्या फिरण्यातून येते. विवर तेवढं मंदावतं. त्यासाठी दोन तुकड्यांमधला वेग प्रकाशवेगाच्या निम्म्याहून जास्त लागतो, आपल्या कुठल्याच इंजिनाला तो झेपणारा नाही. गोष्टीतल्या यानाला झेपतो.

म्हणजे कॅप्टनला खनिज सोडावं लागणार. ज्याच्यासाठी सगळे घरापासून इतकी वर्षं लांब राहिले, तेच.

मान वळते. हात लिव्हरवर येतो. ध्वनिफितीवर मंडळातल्याच एका शिक्षिकेचा आवाज : “डबा सोडा!” चुंबकाचा प्रवाह तुटतो, खट्ट आवाज होतो, डबा रुळावरून घसरत मखमलात गडप. पुढचं यान तारेवरून वर झेपावतं.

(दृश्य : कलाभवनची इमारत)

हातांनी असं काही घडवण्याची या शहराला जुनी सवय आहे. महाराजा सयाजीरावांच्या काळात, १८९० साली इथे कलाभवन सुरू झालं. चित्रकला, छायाचित्रण, यंत्रकाम अशी शिक्षणं एका छताखाली. दादासाहेब फाळके इथलेच विद्यार्थी. पडद्यावर देवांना अदृश्य करणाऱ्या त्या माणसाला हा मखमली खड्डा नक्कीच आवडला असता.

गर्दी झाली. एका रात्री तार अडकली, यान अर्ध्यावर लटकलं, पोरांनी शिडी लावून सोडवलं. ‘देवासमोर हे काळं भोक कशाला’ असंही काहींनी विचारलं.

मोटर तिच्या मालकाकडे परत गेलीय. चकती मंडळाच्या खोलीत कापडाखाली आहे, आणि जोडणीचा आराखडा मागेल त्या शाळेला मिळतो. विज्ञान प्रदर्शनासाठी एकीने तो नेलाही आहे.