सदतिसावं मिनिट
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'ऑनलाइन आणि मिश्र अभ्यासक्रमांची रचना: पाच सूत्रं'. मिश्र म्हणजे थोडं वर्गात, थोडं ऑनलाइन. पाच हा आकडा माझा नाही. फोनवर मी 'चार-पाच गोष्टी सांगेन' म्हटलं होतं, त्यातला मोठा आकडा छापून आला. बघू कितीपर्यंत पोचतो.

इथे बसलेल्या बहुतेकांवर 2020 साली एकदम ऑनलाइन शिकवायची वेळ आली, त्यामुळे झूम काय आणि मूडल काय, हे सांगत बसत नाही. पण तेव्हा आपण जे केलं त्यालाच ऑनलाइन अभ्यासक्रम म्हणायची सवय आपल्याला लागली. खरं तर त्याच वर्षी मार्चमध्ये चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लेखात बजावलं होतं, की हे आपत्कालीन शिक्षण आहे, याची गल्लत रचलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमाशी करू नका. तसा अभ्यासक्रम तयार करायला साधारण सहा ते नऊ महिने लागतात, असंही त्यांनी लिहिलंय. सहा ते नऊ महिने! आपल्याला मिळाला होता एक शनिवार-रविवार. (हशा) हसताय, म्हणजे रविवारसुद्धा मिळाला नव्हता.

मी संख्याशास्त्र शिकवतो. तेव्हा आमच्याकडे फतवा निघाला, की प्रत्येक तासाचं रेकॉर्डिंग अपलोड करा. किती केलीत, याचा तक्ता दर आठवड्याला भरायचा. मुलांना काय आलं, याचा रकाना त्या तक्त्यात नव्हता. मीही इमानेइतबारे बावन्न मिनिटांचे व्हिडिओ चढवत होतो. त्यातला एक प्रमाण विचलनाचा, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते मोजण्याचा. आठ आकडे घेतले: 2, 4, 4, 4, 5, 5, 7, 9. सरासरी 5. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज 32. तिला भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. उत्तर यायला हवं होतं 2.14 आणि येत होतं बरोब्बर 2. कॅमेरा चालू. मी आधी बेरीज तपासली, मग वर्ग तपासले, मग सरासरीवरच संशय घेतला. स्वतःशी पुटपुटत होतो, तेही रेकॉर्ड होत होतं. तीन मिनिटांनी ट्यूब पेटली. हे आठ आकडे म्हणजे मोठ्या गटातून उचललेला नमुना आहे, म्हणजे एक वजा करून सातने भागायचं, आणि मी भागत होतो आठने. वीस वर्षं शिकवतोय हो हे! तो तुकडा कापायचा ठरवलं, पण कापायचं कसं ते येत नव्हतं. तसाच चढवला.

सत्र संपल्यावर कोणीतरी मला दाखवलं, की मुलांनी व्हिडिओ कुठे थांबवला, कुठे मागे नेऊन पुन्हा पाहिला, याचा आलेख निघतो. मी उघडला. पाचव्या-सहाव्या मिनिटापासून घसरगुंडी. मनाची तयारी होती. पण सदतिसाव्या मिनिटाला सरळ सुळका! मला वाटलं, इथे मी 'हे परीक्षेला येईल' म्हणालो असणार. पाहिलं तर तिथे मी डोकं खाजवत आठने भागत होतो. मुलांना विचारलं, बाबांनो, हे काय? माझी फजिती बघायला जमत होता का? एक मुलगी म्हणाली, "सर, थोडं तेही होतं. पण चुकल्यावर कुठून शोधायला सुरुवात करायची, हे आम्हाला कोणी दाखवलंच नव्हतं."

या वाक्यावर मी दोन वर्षं जगलोय, म्हणून आज जरा लांबण लावतोय.

घसरगुंडीबद्दल माझी एकट्याची तक्रार नाही. फिलिप गुओ, ज्यूहो किम आणि रॉब रुबिन यांनी 2014 मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांची, व्हिडिओ पाहण्याची 69 लाख सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, बघण्याचा मध्यक काळ, म्हणजे निम्मी सत्रं ज्याच्या आत संपतात तो, जास्तीत जास्त सहा मिनिटं. हे ऐकल्यावर लोक काय करतात, तर बावन्न मिनिटांचे नऊ तुकडे करतात. त्याच अभ्यासात हेही आहे, की वर्गातलं व्याख्यान चित्रित करून त्याचे तुकडे केले, तर ते तितकं धरून ठेवत नाही. नासलेलं दूध लहान पेल्यांत ओतलं म्हणून गोड होत नाही.

दूरशिक्षणाचं नाव काढलं की आयझॅक पिटमन यांना नमस्कार करावा लागतो. 1840 साली, पेनी पोस्ट सुरू झालं त्याच वर्षी, ते टपालाने लघुलिपी शिकवायला लागले. मुलं उतारा लघुलिपीत लिहून पाठवत, पिटमन चुका दुरुस्त करून परत धाडत. व्हिडिओ नाही, लाइव्ह तास नाही. होतं काय? विद्यार्थ्याने केलेलं काम आणि त्यावर परत आलेली दुरुस्ती. आपण सगळं तंत्रज्ञान मिळवलं आणि नेमकी परतीची टपाल बंद केली. आमच्या तक्त्यातसुद्धा जावकच होती, आवक नव्हती.

बरं, चिठ्ठी आली आहे. सात मिनिटं. (हशा) आणि पाच सूत्रं.

तर अभ्यासक्रम शेवटापासून रचायचा. सोळाव्या आठवड्यात, म्हणजे सत्र संपताना, विद्यार्थ्याला काय करता यायला हवं, ते क्रियापदात लिहा. 'समजेल' हे क्रियापद चालणार नाही, ते तपासता येत नाही. मग ते करता येतं याचा पुरावा ठरवा, मग सरावाचं काम, आणि व्हिडिओ सगळ्यात शेवटी. आपण पहिल्यांदा कॅमेरा विकत घेतो.

मिश्र अभ्यासक्रमात मोठा धोका दीडपट होण्याचा. वर्गातलं काही काढत नाही आणि ऑनलाइनचं वर चढवतो. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या 2010 च्या आढाव्यात मिश्र पद्धत निव्वळ वर्गापेक्षा सरस ठरली, हे सगळे सांगतात. पण तिथे मिश्र गटाला बऱ्याचदा जास्त वेळ आणि जादा साहित्यही मिळालं होतं, हे कोणी सांगत नाही. तेव्हा विद्यार्थ्याच्या आठवड्याचे तास मोजा. एकट्याने, थांबत-थांबत करता येईल ते घरी. अडल्यावर माणूस लागेल ते वर्गात. समोरासमोरच्या तासाला स्लाइड वाचून दाखवणं हा गुन्हा समजा.

छोट्या चाचण्या भरपूर, गुण कमी. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात उतारा वाचून झाल्यावर काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं, तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. मुलांना हे आवडेलच असं नाही. 2019 मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत दिसलं, की स्वतः खटपट केलेली मुलं जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. तेव्हा अभिप्रायाचे तारे जपून मोजा.

दर सोमवारी तुमची चार ओळींची का होईना खूण दिसली पाहिजे: मागच्या आठवड्यात कुठे अडलं, या आठवड्यात काय. डेडलाइनचा वार बदलू नका. सबटायटल्स द्या. आणि सगळं एकदा स्वतःच्या फोनवर उघडून बघा. आपण मोठ्या पडद्यावर बनवतो, त्यांच्या हातात पाच-सहा इंचांचा असतो. सूत्रं मोजू नका, अध्यक्षांनी खुर्ची मागे सारली आहे.

आलेखाचं पुढचं सांगून थांबतो. दुसऱ्या वर्षी मी हुशारी केली. व्हिडिओ पुन्हा रेकॉर्ड केला आणि मुद्दाम आठने भागलं. डोकं खाजवलं, पुटपुटलो, सगळा अभिनय. आलेख सपाट! एकाने खाली लिहिलं होतं, "सर, यावेळी तुम्हाला उत्तर आधीच माहीत होतं." (हशा)

तिसऱ्या वर्षी व्हिडिओ चार मिनिटांचा केला. पडद्यावर चुकीचं उत्तर येतं, मी गप्प बसतो आणि व्हिडिओ तिथेच संपतो. चूक कुठे आहे आणि ती कशी शोधली, ते प्रत्येकाने बुधवारपर्यंत लिहून पाठवायचं, गुरुवारच्या वर्गात आम्ही त्यावर भांडायचं. मागच्या खेपेला 61 जणांनी लिहिलं. चौघांनी सरासरीच चुकवली आणि तिथून वेगळीच चूक शोधून काढली. ते सगळं वाचून उलट उत्तरं लिहिण्यात असा आठवडा गेला, की आलेख उघडायचा राहूनच गेला.