चार वाजताची घंटा

(दृश्य : काळोख, धुकं. कंदिलाएवढा उजेड हलतो आहे.)

पहाटेचे चार. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात घंटा घेऊन फिरणारा धम्मसेवक, म्हणजे शिबिरातला स्वयंसेवक, साधकांच्याही आधी उठलेला असतो. निवासांसमोरून एक फेरी, थोड्या वेळाने दुसरी. साडेचारला साधनेला बसायचं आहे.

मंडालेत १९२४ साली जन्मलेले सत्यनारायण गोयंका विपश्यना ही साधना ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले आणि १९६९ मध्ये ती घेऊन भारतात आले. १९७६ पासून इथे शिबिरं होत आहेत. दहा दिवस राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत. आधी शिबिर करून गेलेल्यांच्या दानावर आणि त्यांच्याच श्रमांवर हे सगळं चालतं. सेवक व्हायचं तर किमान एक दहा दिवसांचं शिबिर पूर्ण झालेलं हवं.

(दृश्य : मिटलेले डोळे, नाकपुड्या, वरचा ओठ.)

पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान. नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा जाणायचा. मोजायचा नाही, त्याला नामजप जोडायचा नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं: श्वास पाहण्याऐवजी ते तो चालवू लागतात. मन अगदीच सुस्तावलं तर थोडा वेळ श्वास जरा जोरात घ्यावा आणि पुन्हा स्वाभाविक श्वासावर यावं.

चौथ्या दिवशी विपश्यना. डोक्यापासून पायापर्यंत अंगाचा एकेक भाग तपासायचा. कुठे काहीच जाणवलं नाही तर मिनिटभर थांबून पुढे जायचं. दुखलं तर दुखणं, मुंग्या आल्या तर मुंग्या; हवं-नकोचा हट्ट नाही. पुढे दिवसातून तीनदा अधिष्ठान, म्हणजे तासभर हात, पाय, डोळे न उघडता बसणं. दुसरा आणि सहावा दिवस अनेकांना जड जातो. मनाचा गंभीर आजार असेल तर तो अर्जातच सांगायला हवा, लपवू नये.

(दृश्य : भोजनालय. वाफाळती पातेली, भाजीचे ढीग.)

आता स्वयंपाकघरात या. साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण. आठ ते नऊ सेवकही सामूहिक साधनेला बसतात, म्हणजे भाजी आठच्या आत चिरून व्हायला हवी आणि नऊनंतर दोन तासांत पोळी, भात, आमटी, भाजी. संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा आणि फळं, जुन्यांना, म्हणजे आधी शिबिर केलेल्यांना, फक्त लिंबूपाणी, कारण दुपारी बारानंतर ते काही खात नाहीत.

कामाचा रेटा पाहून एखादा सेवक म्हणतो, ‘मी आज बसत नाही, तेवढंच काम उरकेल.’ ऐकायला हे उदार वाटतं, पण तिथूनच बिघडतं. दोन-तीन दिवसांत आवाज चढतो आणि मिठावरून कुरबूर होते. ज्याच्या हातात पळी आहे त्याचं मन तापलेलं असेल तर ती सेवा उरत नाही. म्हणून आठ, अडीच आणि सहा या तिन्ही बैठका सेवकालाही आहेत.

दुसरी चूक जिव्हाळ्यापोटी होते. आर्य मौन, म्हणजे इतर साधकांशी न बोलणं, पाळणारा साधक गरजेपुरतं सेवकाशी बोलू शकतो: पांघरूण हवंय, पाठ दुखते. साधनेबद्दल विचारलं तर मात्र सेवकाने त्याला शिबिर चालवणाऱ्या सहायक आचार्यांकडे पाठवायचं. स्वतःचा अनुभव सांगितला की ऐकणारा तोच अनुभव अंगात शोधत बसतो, आणि जे खरोखर जाणवतंय ते निसटतं.

(दृश्य : तुरुंगाचं फाटक.)

हीच साधना १९९४ मध्ये तिहार तुरुंगातही पोहोचली. तिथे हजाराहून अधिक कैदी एका शिबिरात बसले.

(दृश्य : दहावा दिवस. अंगण, बोलणारी माणसं.)

दहाव्या दिवशी मंगल मैत्री शिकवतात आणि मौन सुटतं. साधनेच्या शेवटी पाच-दहा मिनिटं, अंग सैल सोडून, सगळ्यांचं भलं चिंतायचं. अंगात कळा असतील, मन खवळलेलं असेल तर मैत्री देऊ नये. आधी संवेदना पाहाव्यात, शांत व्हावं. सेवक मात्र रोज रात्री नऊला आचार्यांसमोर मैत्रीला बसतात.

(दृश्य : रात्र. स्वयंपाकघरात एकच दिवा.)

तिथून उठून एकजण परत स्वयंपाकघरात येतो. उद्याची मटकी भिजत घालायची राहिली आहे.