फोंतव्रो: राण्यांच्या मठाचा तुरुंग झाला आणि इमारत वाचली

नमस्कार मंडळी. जुनी इमारत वाचते ती भक्तीने वाचते असं आपण धरून चालतो, पण फोंतव्रोचा इतिहास बघितला की तसं म्हणवत नाही. पश्चिम फ्रान्समध्ये लोआर नदीच्या दक्षिणेला, सोम्यूर आणि शिनों या दोन गावांच्या मधे हा मठ आहे. इथे इंग्लंडचे दोन राजे पुरले होते, सातशे वर्षं बायकांनी इथे पुरुषांवर राज्य केलं, आणि मग दीडशे वर्षं इथे फ्रान्समधला एक अतिशय कडक तुरुंग होता. माझं म्हणणं असं की त्या तुरुंगाने या जागेची वाट लावली हे खरंच, पण तो नसता तर आज दाखवायला काही उरलंही नसतं.

सुरुवात 1101 ची. रोबेर दार्ब्रिसेल नावाचा एक फिरता प्रवचनकार होता, अंगावर फाटके कपडे, मागे लोकांचा हा घोळका, त्यात बायका, पुरुष, गरीब, कुष्ठरोगी, वेश्या, खानदानी घरातल्या बायका, सगळे एकत्र रानात राहायचे आणि त्यामुळे बिशप मंडळी प्रचंड अस्वस्थ. शेवटी त्याला सांगण्यात आलं की बाबा रे, यांना एका जागी बसव. मग त्याने एकाच आवारात वेगवेगळे भाग केले. मुख्य मठ नन्सचा, सँ-लाझार कुष्ठरोग्यांसाठी, ला माद्लेन पश्चात्ताप झालेल्या बायकांसाठी, आणि पुरुष साधूंसाठी वेगळा सँ-जाँ. आणि या सगळ्यांच्या वर प्रमुख कोण, तर बाई! 1115 मध्ये त्याने पेत्रोनिय द शमिये हिला मठाधिपती नेमलं. ती विधवा होती, आणि हे त्याने मुद्दाम केलं होतं, कारण लहानपणापासून मठात वाढलेल्या बाईला जमीनजुमला, भांडणं, हिशोब हे काय कळणार, जग बघितलेली बाई पाहिजे असं त्याचं मत. मला हा मुद्दा त्याच्या सगळ्या प्रवचनांपेक्षा भारी वाटतो. पुढच्याच वर्षी तो गेला. मला गरिबांच्या आणि कुष्ठरोग्यांच्या शेजारी मातीत पुरा असं सांगून गेला होता, पण त्याला पुरलं चर्चमध्ये, वेदीजवळ. मोठ्या माणसांचं शेवटचं कोण ऐकतं.

आता ते राजे. दुसरा हेन्री 1189 च्या जुलैमध्ये शिनोंच्या किल्ल्यात वारला. त्याला खरं तर दुसरीकडे, ग्रांमोंच्या मठात पुरून घ्यायचं होतं, पण दिवस उन्हाळ्याचे, ते ठिकाण लांब, आणि फोंतव्रो अगदी हाकेच्या अंतरावर. म्हणजे एवढं मोठं राजघराण्याचं दफनस्थान झालं ते उकाड्यामुळे! 1199 ला मुलगा रिचर्ड गेला, त्याचं हृदय रुआँला, आतडी शाल्यूला आणि बाकीचं शरीर इथे बापाच्या पायाशी. हेन्रीची राणी एलेओनोर, जिला नवऱ्याने पंधरा वर्षं कैदेत ठेवलं होतं, ती म्हातारपणी इथेच येऊन राहिली आणि 1204 ला गेली. त्यांचे दगडी पुतळे आजही आहेत, आडवे, झोपलेले, आणि एलेओनोरच्या हातात उघडं पुस्तक आहे. नवरा शेजारी डोळे मिटून पडलाय आणि ही वाचतेय, मला हे जाम आवडतं. चौथा पुतळा सून इझाबेलचा, तो लाकडी. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी थडगी उचकटली, हाडं गेली, पुतळे तेवढे राहिले. नंतर इंग्लंडने ते अनेकदा मागितले, फ्रान्सने काही दिले नाहीत.

मधली काही शतकं भराभर सांगतो. एकूण 36 मठाधिपती झाल्या, त्यात ओळीने पाच बूर्बोन या फ्रान्सच्या राजघराण्यातल्या. पहिल्या रने द बूर्बोनने शिस्त कडक केली आणि नन्सभोवती उंच भिंत घातली, ही भिंत लक्षात ठेवा. चौदाव्या लुईच्या काळात इथली प्रमुख होती ती त्याच्या गाजलेल्या प्रेयसीची, मादाम द मोंतेस्पानची सख्खी बहीण. पंधराव्या लुईने तर 1738 मध्ये आपल्या चार धाकट्या मुली इथे पाठवल्या, व्हर्सायमध्ये ठेवायचा खर्च परवडेना म्हणून, आणि त्यातली एक इथेच वारली.

मग क्रांती. मठ जप्त, 1792 ला शेवटची मठाधिपती बाहेर. अशा मठांचं पुढे काय व्हायचं ते क्लूनी नावाच्या दुसऱ्या मोठ्या फ्रेंच मठात बघा. 187 मीटर लांबीचं चर्च, रोमचं नवं सेंट पीटर उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगातलं सगळ्यात मोठं, ते 1798 ला विकलं आणि घेणाऱ्यांनी पडक्या वाड्याचे चिरे काढून विकावेत तसं ते दगडादगडाने विकून टाकलं. आज तिथे जेमतेम दहावा हिस्सा उभा आहे. फोंतव्रोचंही हेच झालं असतं, पण 1804 मध्ये नेपोलियनने हुकूम काढला की इथे तुरुंग करा. कारण सरळ होतं, भिंत तयार, झोपायच्या जागा तयार, जेवणाचा हॉल तयार, पाण्याची सोय तयार. बायकांना जगापासून लांब ठेवायला बांधलेली इमारत कैद्यांना कोंडायला फारसे बदल न करता चालली, यातच मठाबद्दल बरंच काही येतं.

1814 पासून कैदी आले. चर्चच्या डोक्यावरचे घुमट उतरवले, आत मजले टाकले आणि जिथे राजे पुरले होते तिथे वरती कैदी झोपायला लागले. कारखाने काढले, शिंपल्याची बटणं, विणकाम वगैरे. 1839 च्या नियमाने सगळ्या मोठ्या तुरुंगांत बोलायलाच बंदी आली, म्हणजे नन्सचा मौनाचा नियम परत आला, फक्त या वेळी शिक्षा म्हणून. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या फ्रेंच लोकांनाही इथे डांबलं होतं.

गंमत म्हणजे तुरुंग चालू असतानाच जीर्णोद्धारही चालू होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ल्युसियाँ मान्य या वास्तुविशारदाने घुमट परत बांधले, आणि ते प्रसिद्ध स्वयंपाकघर सुधारलं, अष्टकोनी, माशाच्या खवल्यांसारखं दगडी छप्पर, वर धुराड्यांचे टोकदार सुळके. फोटो सगळे त्याचेच काढतात. पण ते सुळके बरेचसे मान्यच्या कल्पनेतले आहेत, बाराव्या शतकातलं म्हणून आपण ज्याच्यासमोर सेल्फी काढतो ते शंभर-सव्वाशे वर्षांचं आहे. मला या जीर्णोद्धारवाल्यांचा थोडा रागच येतो. दीडशे वर्षं हजारो माणसं इथे खितपत पडली, तोही इतिहासच ना, पण पांढराशुभ्र दगड दिसावा म्हणून तो बराचसा खरवडून काढला.

आणि खरवडला कोणी? 1963 ला तुरुंग बंद झाला, पण काही कैदी ला माद्लेनमध्ये मागे ठेवले होते, तुरुंगाची बांधकामं पाडायला. ते 1985 पर्यंत होते! म्हणजे 1975 ला सांस्कृतिक केंद्र सुरू झाल्यावरही दहा वर्षं आवारात कैदी होतेच.

2000 साली लोआरच्या खोऱ्याबरोबर ही जागा युनेस्कोच्या यादीत आली, 2021 ला मॉडर्न आर्टचं म्युझियम उघडलं, आणि सँ-लाझारमध्ये, जिथे कुष्ठरोगी राहायचे, तिथे आता झकास हॉटेल आहे. यावर नाकं मुरडणारे बरेच भेटतील, मी त्यात नाही, वापर चालू आहे तोवर छप्पर गळलं की कोणीतरी दुरुस्त करतं. पुरुष साधूंच्या सँ-जाँचं तुरुंगालाही काम पडलं नाही, ते भिंतीबाहेर होतं, आणि क्रांतीनंतर ते पाडून टाकलं.